याहीर येणार नाही, बकऱ्या तूच राख

प्रिय हर्मेलिंदाताई,

तुझा उजवा हात इथूनच कपाळाला लावतो (डावा नको, डाव्याने तू मारायचीस). तुझे गुडघे कसे आहेत, खोकला गेला का, आणि चर्चच्या पायऱ्या चढताना कुणी हात पुढे केला तर अजून त्याच्यावर खेकसतेस का, ते सविस्तर कळव. आम्ही सर्व इथे अमेरिकेत देवाच्या कृपेने ठीक आहोत. ठीक म्हणजे तुझ्या भावजयीची, ओब्दुलियाची मनगटं सोडून, माझी कंबर सोडून आणि याहीर सोडून. पण त्याच्याबद्दल पुढे येईलच, कारण पत्र त्याच्यासाठीच आहे. फोन का केला नाहीस, असं विचारशील. तर ताई, फोनवर तू बोलतेस आणि मी 'हो ताई' म्हणतो, ही आपली लहानपणापासूनची रीत. गेल्या महिन्यात असंच दोनचारदा 'हो ताई' म्हणता म्हणता मी माझा एकुलता एक मुलगा तुला देऊन बसलो. कागद मला मध्येच गप्प करत नाही, म्हणून कागद घेतला.

लाडिस्लाओभाऊ शनिवारी पार्सलं घेऊन तिकडे गावी निघतोय. ठरल्याप्रमाणे त्याच्या व्हॅनमधल्या पुढच्या सीटवर याहीर बसून यायचा होता. त्या सीटवर आता हे पत्र येतंय आणि त्याच्या शेजारी ओब्दुलियाने पाठवलेलं ब्लँकेट. याहीर येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तू व्हॅनमध्ये शिरून सीटखाली शोधशील. तू त्याच्यासाठी मागच्या खोलीला चुना काढलास, पाद्रीबाबांच्या कानावर घातलंस, शेजाऱ्याच्या बकऱ्या अर्ध्या वाट्याने घेतल्यास, आणि बाबांचा कमरेचा पट्टा ट्रंकेतून काढून, तेल चोळून खुंटीला टांगलास, हे मला तुझ्या शेजारच्या पोरीने फोटोसकट कळवलंय (पट्ट्याचा वेगळा फोटो होता, जवळून काढलेला). खोली भाड्याने दे. बकऱ्या तूच राख. पट्टा बाबांच्या तसबिरीजवळ ठेव. त्या दोघांचं एकमेकांशी चांगलं जमायचं.

आता झालं काय ते पहिल्यापासून सांगतो, कारण फोनवर मी तुला अर्धंच सांगितलं होतं आणि अर्ध्यावरच तू बकऱ्या घेतल्यास. शाळेच्या बाथरूममध्ये याहीरकडे ते धुराचं पेन सापडलं. वेप म्हणतात त्याला. दिसायला पेनासारखं, वास पिकल्या आंब्याचा, आणि आत आंबा सोडून सगळं. ह्याच्या पेनात गांजाचा अर्क होता. मी छपराचं काम टाकून, अंगावर डांबर तसंच घेऊन शाळेत गेलो. हेडमास्तर बोलायला लागले. मला इंग्रजी किती येतं तुला ठाऊकच आहे, आणि ओब्दुलियाला तेवढंही नाही, त्यामुळे नेहमीप्रमाणे अर्थ सांगायला मध्ये कोण, तर याहीर. डॉक्टर असो, बँक असो, वीजवाला असो, तो बोट धरून चालायचा तेव्हापासून आमचं तोंड तोच आहे. हेडमास्तर बराच वेळ बोलले, टेबलावर बोट आपटलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. याहीरने शांतपणे आमच्याकडे वळून सांगितलं, "ते म्हणतायत, मुलगा हुशार आहे, जरा लक्ष द्या." मी हेडमास्तरांचा हात हातात घेऊन मनापासून आभार मानले. ते माझ्याकडे बघतच राहिले. शेवटी शाळेच्या स्वयंपाकघरातून आपली भाषा बोलणारी एक पोर्तोरिकन बाई बोलावून आणली, हाताला पीठ तसंच, आणि तिने सगळं पुन्हा, जोरात आणि नीट सांगितलं.

म्हणजे शाळेने दोन वाटा दिल्या. एक, पोरगा घरी बसेल. दोन, पोरगा शाळेत येईल, पण आईबाप आणि तो, तिघांनी दर गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरातल्या बैठकीला जायचं. इथल्या आपल्या लोकांसाठी ती बैठक आहे, पोरं नशेला लागू नयेत म्हणून आख्ख्या घराला शिकवायची. मी म्हटलं, आम्हाला घर कसं करायचं ते शिकवायला परकी माणसं कशाला, मला ताई आहे. आणि त्याच संध्याकाळी तुला फोन केला. पण ओब्दुलियाने मला न विचारता 'येतो' म्हणून सांगून टाकलं. ती का घाबरली ते तुला सांगायला हवं. आमच्याच वस्तीत एल्पिदियाबाईचा थोरला गेल्या हिवाळ्यात कुणीतरी दिलेली एक गोळी घेऊन झोपला तो उठलाच नाही. सतरा वर्षांचा. याहीरला सायकल शिकवली होती त्याने. त्याच्या मयताला ओब्दुलियाने रात्रभर भांडी घासली, आणि तेव्हापासून ती याहीरच्या दाराशी उभी राहून श्वास ऐकते. मी ऐकत नव्हतो असं नाही. मी तिच्यामागे उभा असायचो.

बैठक चालवतात त्या यादिराबाई, एल साल्वादोर देशातल्या. बाई ठेंगण्या, आवाज मोठा, आणि दर गुरुवारी त्या आधी सगळ्यांना जेवायला घालतात, कारण उपाशी बाप ऐकत नाही असं त्यांचं म्हणणं. जेवायला त्यांच्याकडच्या त्या जाड, पोटात चीज भरलेल्या भाकऱ्या. (आपल्या तोर्तियाशी तुलना नको, तुझ्या रागाची मला कल्पना आहे. मी चार खाल्ल्या. पाचवी ओब्दुलियाने काढून घेतली.) मग पोरं एका खोलीत, आईबाप दुसऱ्या, आणि शेवटी सगळे एकत्र गोल करून. विद्यापीठातला एक लाल दाढीचा तरुण कोपऱ्यात बसून अभ्यासासाठी सगळं टिपून घेतो, आपण हसलो की तोही हसतो, जरा उशिरा. आम्हाला पहिल्यांदा शिकवलं ते गप्प बसायला. पोर बोलत असताना तव्यावरची तोर्तिया फुगेपर्यंत बापाने तोंड उघडायचं नाही. मी यादिराबाईंना म्हटलं, बाई, आमच्याकडे एवढ्या वेळात बापाचं बोलून, रागावून आणि माफ करूनही होतं. त्या म्हणाल्या, "म्हणूनच तुमचा मुलगा तुमच्याशी बोलत नाही, फिदेन्सिओभाऊ." सगळ्यांसमोर म्हणाल्या. मी पुढच्या गुरुवारी जाणार नव्हतो, पण गेलो.

एका गुरुवारी घरचा अभ्यास दिला. तिघांनी मिळून घर धुंडाळायचं, नशा होईल असं जे जे असेल ते टेबलावर मांडायचं आणि त्याबद्दल बोलायचं. मी छाती काढून म्हटलं, आमच्या घरात काय सापडणार! सापडली ती माझी रविवारची बिअर, खोकल्याचं औषध आणि ओब्दुलियाच्या मनगटाच्या ऑपरेशननंतर उरलेल्या जबर गोळ्या, ज्या मी 'कधीतरी लागतील' म्हणून ठेवल्या होत्या. इथवर सगळं ठीक. मग याहीरने देवाच्या फळीवर हात घातला आणि संत ज्युडच्या मूर्तीमागून तुझी बाटली काढली. तीच, तू दर वर्षी लाडिस्लाओभाऊबरोबर पाठवतेस ती, उसाच्या दारूत पानं भिजवलेली, सांधे चोळायची. त्याने ती दिव्यासमोर धरली.

"बाबा, हे पान कसलं?"

"औषधाचं. तुझ्या आत्याचं."

"पानाला काही नाव असेल ना?"

"आत्याचं पान," मी म्हटलं, आणि ताई, देवाशपथ सांगतो, मला दुसरं नाव सुचलंच नाही. दुकानामागे टवाळ पोरं ओढतात ते एक, आणि आई जात्यापाशी बसून बाटलीत भरायची ते दुसरं. एक पोलिसांचं, दुसरं आपलं. दोन्ही एकच झाड आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण माझ्या डोक्यात त्यांची कधी गाठच पडली नव्हती. याहीरच्या डोक्यात पडली. तो एकदम हसायला लागला. भिंतीला टेकून हसला, मग खाली जमिनीवर बसून हसला. "मी हे रोज आईच्या मनगटांना चोळतोय! बालवाडीत होतो तेव्हापासून! आणि शाळेने मला पकडलं!" आणि ओब्दुलिया, जी कारखान्यात कोंबड्या कापून कापून संध्याकाळी चमचासुद्धा उचलू शकत नाही, तीही डोळे पुसत हसायला लागली. आमच्या घरात कित्येक महिन्यांनी कुणी हसत होतं, आणि मी काय केलं? मी दार लावलं, पडदे ओढले आणि सांगितलं, ह्या बाटलीबद्दल बैठकीत एक अक्षर बोलायचं नाही. आपल्याकडे इथे राहायचे कागद नाहीत, हे अमेरिकन लोक, तो दाढीवाला टिपून घेतो, एवढं कारण पुरे. याहीरचं हसू थांबलं. "बरं," तो म्हणाला.

गुरुवारी सगळे गोल करून बसलो. ज्याच्या त्याच्या पोराने सांगायचं, घरात काय मिळालं. याहीरची पाळी आली. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी वर छताकडे पाहिलं (धंद्याची सवय, ते छत एका कोपऱ्यात गळतं). तो म्हणाला, "बिअर, खोकल्याचं औषध, आईच्या गोळ्या. बाकी काही नाही." सहज म्हणाला, चेहऱ्यावरची रेषही न हलवता. आणि ताई, तो चेहरा मी आधी पाहिला होता, हेडमास्तरांच्या खोलीत. मुलगा हुशार आहे, जरा लक्ष द्या. तेव्हा तो माझ्याशी खोटं बोलला, आता माझ्यासाठी बोलला, आणि ह्या खेपेचं तर मीच त्याला पढवून आणलं होतं. मी उभा राहिलो. "अजून एक बाटली आहे," म्हटलं, आणि सगळं सांगितलं. पान, दारू, संत ज्युड, तू. (तुझं नाव घेतलं नाही. 'माझी थोरली बहीण' एवढंच. पण तू कोण ते वस्तीत सगळ्यांना माहीत आहे.)

मग गेरेरो प्रांतातल्या रेमेदिओसमावशींनी घसा साफ करून विचारलं, "उसाच्या दारूत की साध्या स्पिरिटमध्ये?" मी म्हटलं, उसाच्या. "मग बरोबर. स्पिरिटने कातडी जळते," मावशी म्हणाल्या आणि स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. तिथून जे सुरू झालं! एकीची टीव्हीमागे, एकाची गाडीच्या सीटखाली, एकीने मलम करून पावडरच्या डब्यात भरून ठेवलेलं. ज्याच्या घरात नव्हतं तो एकटा होंडुरासचा माणूस, आणि त्याने विचारलं की कुठे मिळेल. हॉल बंद करायला आलेला चर्चचा शिपाई दाराशी खांदा चोळत उभा होता. त्याने हळूच विचारलं, कुणाकडे थोडं उरलंय का. पोरं आमच्याकडे अशी बघत होती की जणू आम्ही त्यांना आजच भेटलोय. लाल दाढीवाल्याने पेन्सिल उचलून विचारलं, सगळे कशाला हसताहेत? हसू जागच्या जागी थांबलं. याहीरने त्याला इंग्रजीत काहीतरी सांगितलं आणि त्या तरुणाने मान डोलावून ते लिहून घेतलं. मी नंतर विचारलं, काय सांगितलंस? "म्हटलं, सगळ्यांना आपापल्या आजीची आठवण आली."

यादिराबाई हसून हसून लाल झाल्या होत्या, पण मग पदर खोचावा तशा बाह्या सारून म्हणाल्या, की चोळल्याने कुणाच्या डोक्यात काही जात नाही, मनगटं बरी होवोत. पण जे पोराला वाईट म्हणून सांगायचं तेच देवामागे ठेवायचं आणि पोराने विचारलं की 'पान' म्हणायचं, हे कसं चालेल? आता पोरांना सरळ उत्तरं द्यायची. म्हणून त्याच बैठकीत आमच्या खुर्च्या समोरासमोर लावल्या. पोराने एक प्रश्न विचारायचा, आईबापाने खरं उत्तर द्यायचं. उलट प्रश्न नाही, उपदेश नाही, आणि 'मी तुझ्या वयाचा होतो तेव्हा' हे तर अजिबात नाही (म्हणजे मला बोलायला काही उरलंच नाही).

याहीरने विचारलं, "तुम्ही मला आत्याकडे पाठवणार. परत आणायला कोण येणार?"

मी पुन्हा छताच्या त्या गळक्या कोपऱ्याकडे पाहिलं. "आजी गेली तेव्हा तुम्ही माती फोनवर पाहिलीत," तो म्हणाला. "छपरावर उभे राहून. मी खाली शिडी धरून होतो. तुम्ही नाही जाऊ शकलात. मग माझ्यासाठी कसे येणार?" ताई, मी ह्या पोराला बापापासून तोडून, जिथे कागदांशिवाय मला कधी जाऊन परत येता येणार नाही अशा ठिकाणी सुधारायला पाठवत होतो. ते मला कळत होतं. कळत होतं म्हणूनच मी तुझ्याशी इतक्या घाईने 'हो' म्हटलं. मी त्याला खरं सांगितलं. म्हटलं, "कुणी नाही येणार." तो म्हणाला, "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं." मी हो म्हटलं. ह्यापेक्षा कठीण 'हो' मी आयुष्यात म्हटलेलं नाही, तुला म्हटलेलीही त्यात आली.

मग ओब्दुलियाची पाळी. यादिराबाईंनी पाळी उलटवली: आता आईने विचारायचं, पोराने खरं सांगायचं. मला वाटलं ती विचारेल, का ओढतोस. तिने विचारलं, "बाळा, तुला झोप कधीपासून लागत नाही?" आणि पोरगा रडायला लागला. पंधरा वर्षांचा, माझ्याहून उंच. म्हणाला, बाळ गेलं तेव्हापासून. तुला आठवतं, ताई, ओब्दुलियाला पुन्हा दिवस गेले होते आणि ते राहिलं नाही, मी फोनवर एका वाक्यात सांगितलं होतं. त्या दिवशी मी दुसऱ्या गावात छपरावर होतो. ती याहीरला घेऊन दवाखान्यात गेली, नेहमीसारखी. त्याचं वय अकरा. डॉक्टरांनी तपासलं आणि ते त्याच्याकडे बघून बोलले, कारण खोलीत इंग्रजी कळणारा तोच. बाळाचं हृदय थांबलंय, आईला सांग. आणि आई त्याच्या तोंडाकडे बघून हसत होती, मुलगा की मुलगी ते ऐकायला. तो म्हणाला, "मला सगळे शब्द येत होते. पण वाटलं, मी सांगितलं नाही तर अजून झालेलंच नसेल. मग आई म्हणाली, सांग ना रे. मग मी सांगितलं." घरी आले. बायका जमल्या, रस्सा आणला, मी आलो, सगळ्यांनी ओब्दुलियाला जवळ घेतलं, मलासुद्धा लोकांनी पाठीवर हात ठेवला. "आणि मला तुम्ही तोर्तिया आणायला पाठवलंत," तो म्हणाला. "मला वाटायचं, बाळ माझ्याच तोंडून मेलं."

आम्ही तिघं त्या तळघरात एकमेकांना धरून बसलो, बाकीचे लोक खुर्च्या आवरायला लागले तरी. यादिराबाईंनी कुणाला आमच्याजवळ येऊ दिलं नाही. त्या आंब्याच्या धुराने त्याला झोप लागते, एवढंच त्याचं कारण. आणि आम्ही त्याला पट्टा दाखवायला निघालो होतो.

सगळं एका गुरुवारात बरं झालं असं समजू नकोस. मागच्याच आठवड्यात त्याच्या सदऱ्याला पुन्हा तो वास आला. पण ह्या खेपेला त्याने स्वतः येऊन ते पेन आईच्या हातात ठेवलं आणि तिच्याजवळ बसून राहिला. झोपेसाठी यादिराबाईंनी एक डॉक्टरीण शोधून दिलीय, आपल्या भाषेत बोलणारी, म्हणजे त्याला निदान स्वतःपुरतं तरी दुभाषा व्हावं लागत नाही. आणि घरात नवा कायदा झालाय: याहीर आता कुठल्याही कचेरीत आमच्यासाठी बोलणार नाही. परवा दाताच्या डॉक्टरकडे मी एकटा गेलो, हातवारे करून बोललो, आणि न दुखणारे सगळे दात साफ करून घेऊन, दुखणारा तसाच घेऊन आलो. हरकत नाही. पुन्हा जाईन.

तर तू रागावू नकोस. तू त्याला नीट सांभाळलं असतंस ह्यात मला शंका नाही. मला सांभाळलंस, मी काही वाया गेलो नाही. पण त्याला सुधारायला नेमकं आमच्यापासून लांब पाठवायचं, हे मला आता जमणार नाही. पाद्रीबाबांना माझा नमस्कार सांग. शेजारच्या पोरीला म्हणावं, फोटो पुरे झाले.

तुझा धाकटा,
फिदेन्सिओ

ता. क. : यंदा बाटली पाठवू नकोस. पाठवायचीच तर नुसता रोजमेरीचा पाला घालून पाठव. ओब्दुलिया म्हणते, नुसत्या रोजमेरीने काही होत नाही, पण ती चोळून घेते, आणि चोळतो अजून तोच. जुन्या बाटलीचं काय केलं ते इथे लिहीत नाही, कारण लाडिस्लाओभाऊ वाटेत पत्रं वाचतो. (नमस्कार, भाऊ. गाडी सावकाश चालव.)

ता. क. : ताई, इतकं सगळं लिहिलं ते खरं म्हणजे ह्यासाठी. नोव्हेंबरच्या एक तारखेला तू आपल्या ओट्यावर, त्या दिवशी घरी परत येतात म्हणून, देवाघरी गेलेल्या लहानग्यांसाठी फुलं मांडतेस. आमच्या बाळासाठी आपण कुणीच कधी काही मांडलं नाही. त्याचा बाप्तिस्मा नव्हता, नाव नव्हतं, आणि मी तुला एका वाक्यात सांगून विषय संपवला. मुलगी होती. याहीर विचारत होता, ती कधी गावी आली नाही, तर तिला घर सापडेल का. मी म्हटलं, जिथे नाव घेऊन बोलावतात तिथे लेकरं येतात. मग त्याने मला नाव सांगितलं. दवाखान्यातून घरी येताना बसमध्येच ठेवलं होतं म्हणे त्याने, आम्ही कधी विचारलंच नाही. अरासेली. ताई, तू तिची धर्ममाता हो. झेंडूची कमान कर, साखरेचं एक कोकरू ठेव, थोडं दूध ठेव, आणि तिला नावाने हाक मार. मोठ्याने मार, आणि त्या वेळी फोन चालू ठेव. तो ऐकणार आहे.